आधी दणका, मग गदागदा: भूकंपाच्या लहरी जमिनीतून येतात तरी कशा?

भूकंप अनुभवलेल्या कोणालाही विचारा, गोष्ट बहुतेक वेळा एकाच क्रमाने सांगतात. आधी खालून कोणीतरी दणका दिल्यासारखं झालं, खिडकीच्या काचा एकदा वाजल्या, मग क्षणभर काहीच नाही, वाटलं संपलं एकदाचं, आणि तेवढ्यात सगळं गदागदा हलायला लागलं. काहींना सुरुवातीला घुमल्यासारखा आवाजही येतो, जड ट्रक शेजारून जावा तसा. मग दुसऱ्या दिवशी चर्चा असते की दोन झाले म्हणे, पहिला बारका, दुसरा मोठा. तर दोन नाही, एकच. एकाच ठिकाणाहून एकाच वेळी सुटलेल्या दोन लहरी, एक पळत येणारी, दुसरी जरा मागे पडणारी, आणि तुम्ही जितके लांब तितकी त्या दोघींमधली फट मोठी. वीज चमकल्यावर गडगडाट जसा मागून येतो तसंच, फक्त इथे दोन्ही गोष्टी जमिनीतूनच येतात.

पण मुळात लहर सुटते का ते आधी बघू. खडक म्हटलं की आपल्याला वाटतं एकदम कडक मामला, एक तर जागचा हलणार नाही, नाहीतर सरळ फुटणार. प्रत्यक्षात खडक चक्क लवचीक असतो, ताण दिला की किंचित वाकतो आणि ताण गेला की परत जागेवर येतो. जमिनीखाली मोठमोठ्या भेगा असतात, त्यांना भ्रंश म्हणतात, आणि भेगेच्या दोन बाजूंचे खडक वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर अशा गोगलगायीच्या वेगाने एकमेकांना घासून पुढे जायला बघत असतात, पण घर्षण त्यांना धरून ठेवतं, त्यामुळे भेगेजवळचा खडक अडकलेला आणि लांबचा मात्र सरकतोय, म्हणजे मधला भाग वाकत राहतो, वाकत राहतो, कधी शंभर वर्षं, कधी कितीतरी जास्त, आणि एक दिवस पकड सुटते. 1906 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप झाला तेव्हा सॅन अँड्रियास भ्रंशावरून जाणारी शेतांची सरळ कुंपणं मधोमध तुटून काही ठिकाणी 6 मीटरच्या आसपास बाजूला गेलेली दिसली. हॅरी फील्डिंग रीड नावाच्या शास्त्रज्ञाने भूकंपाच्या आधीची आणि नंतरची जमिनीची मोजणी ताडून बघितली आणि म्हटलं की ही हालचाल त्या एका मिनिटातली नाहीच, लांबची जमीन कित्येक वर्षं हळूहळू सरकत होती, भेगेजवळच्या जमिनीने फक्त तो बॅकलॉग एका झटक्यात भरून काढला. आजही भूकंप समजावताना सुरुवात इथूनच करतात.

झटक्यातली बरीचशी ऊर्जा तिथल्या तिथे खडक भरडण्यात आणि उष्णतेत खर्च होते. जो हिस्सा उरतो तो लहरी बनून चारी दिशांना सुटतो. आणि हे सगळं एका बिंदूतून होतं असं आपण सोयीसाठी म्हणतो, खरं तर भेग एका टोकाकडून झिप उघडावी तशी उघडत जाते, साधारण सेकंदाला 2 ते 3 किलोमीटर वेगाने. 2004 च्या सुमात्राच्या भूकंपात ही झिप जवळपास 1,300 किलोमीटर लांब होती आणि ती पूर्ण उघडायला दहाएक मिनिटं लागली, म्हणजे दक्षिणेकडच्या टोकाची लहर केव्हाच शेकडो किलोमीटर पुढे निघून गेली तरी उत्तरेकडे भेग अजून फाटतच होती!

आता लहर. इथे एक गोष्ट पक्की करून घ्या, की लहरीबरोबर खडक प्रवास करत नाही. प्रचंड गर्दीच्या रांगेत उभे असाल आणि मागून कोणीतरी ढकललं तर काय होतं? तुम्ही पुढच्यावर रेलता, तो त्याच्या पुढच्यावर, आणि दोन-तीन सेकंदांत सगळ्यात पुढचा माणूस काउंटरवर आपटतो. ढकलणारा मागेच आहे, तुम्हीही आपल्या जागेवर परत आलात, पुढे गेला तो फक्त धक्का. खडकाचा प्रत्येक कण हेच करतो, शेजाऱ्याला ढकलतो आणि स्वतः जागेवर परत येतो. ही झाली पहिली लहर, प्राथमिक लहर, बोलताना सगळे पी वेव्ह म्हणतात. हिच्यात कण लहरीच्याच दिशेने पुढेमागे होतात, दाबलं जा, सैल हो, दाबलं जा, सैल हो. थोडक्यात ही आवाजासारखीच असते आणि म्हणूनच जमिनीतून वर हवेत शिरली की तो ट्रकसारखा घुमणारा आवाज कधीकधी खरोखर कानाला ऐकू येतो.

दुसरी लहर समजायला दोरी घ्या. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं हातात धरून आडवा झटका द्या, दोरीतून एक वळसा पळत गजापर्यंत जातो, पण दोरीचा प्रत्येक भाग फक्त डावीकडे-उजवीकडे हलला, पुढे कोणीच गेलं नाही. ही दुय्यम लहर, एस वेव्ह. हिच्यात कण लहरीच्या दिशेला काटकोनात हलतात, म्हणजे जमीन पत्त्यांच्या कॅटसारखी तिरकी घसरवली जाते आणि परत सरळ होते.

पी पुढे का आणि एस मागे का? लहरीचा वेग ठरतो तो पदार्थ किती ताठ आहे यावर, म्हणजे त्याला विस्कटलं तर तो किती जोरात पूर्वपदावर येतो. दाबायला गेलात तर खडक दोन्ही प्रकारे विरोध करतो, आकारमान कमी व्हायलाही आणि आकार बिघडायलाही. आडवं घसरवलं तर फक्त आकार बिघडायला विरोध. एका लहरीला दोन स्प्रिंगा मिळाल्या, दुसरीला एक, संपला विषय. जाता जाता एक, बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं की खोलवरचा खडक जास्त घन, म्हणून तिथे लहर वेगाने जाते. हे उलटं आहे. नुसती घनता वाढली तर वजन वाढल्यामुळे लहर उलट मंदावेल, पण खोलवरच्या दाबाने खडकाचा ताठपणा घनतेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो म्हणून एकूण हिशोबात वेग वाढतो.

आणि द्रव? पाण्याला दाबलं तर ते विरोध करतं, पण आडवं सरकवलं तर ते जातं तिकडे, परत यायचा हट्ट धरत नाही. म्हणून द्रवातून पी जाते, एस जात नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आकडे बघू. भूकवचाच्या खडकात पी साधारण सेकंदाला 6 किलोमीटर, एस साधारण साडेतीन. हवेतला आवाज सेकंदाला किलोमीटरचा एक तृतीयांशच जातो, त्यामानाने या दोघी भयंकर वेगवान. भूकंपाचं केंद्र 100 किलोमीटरवर असेल तर पी पोचायला 17 सेकंद, एस पोचायला 29, मधली फट 12 सेकंदांची. यावरून एक मस्त ढोबळ नियम निघतो, पहिला दणका आणि मोठा हादरा यांच्यात जितके सेकंद गेले त्यांना 8 ने गुणा, तितके किलोमीटर लांब. 12 गुणिले 8, 96, आलं की जवळपास! अर्थात खरा भूकंप चालू असताना कोणी सेकंद मोजत बसू नये, आधी टेबलाखाली जावं, पण कागदावर उमटलेल्या नोंदीवर भूकंपशास्त्रज्ञ कित्येक वर्षं हेच करत आलेत. हेच तत्त्व लहान प्रमाणात अनुभवायचं असेल तर एखाद्या लांबलचक लोखंडी पाइपाला कान लावा आणि शंभरेक मीटरवरून कोणाला तरी दगडाने ठोकायला सांगा, टक-टक असं दोनदा ऐकू येतं, पहिलं लोखंडातून आलेलं, दुसरं हवेतून.

भूकंप नोंदवणाऱ्या एका ठाण्यावरच्या फटीवरून अंतर कळतं, दिशा धड कळत नाही, म्हणजे भूकंप त्या अंतराच्या वर्तुळावर कुठेही. दुसऱ्या ठाण्याचं वर्तुळ काढलं की दोन जागा उरतात, तिसरं काढलं की एक. आता कॉम्प्युटर शेकडो ठाण्यांचा डेटा घेऊन सेकंदांत करतो, पण आत हिशोब तोच.

या दोघींच्या मागून आणखी दोन येतात, त्या खोलातून नाही तर जमिनीच्या पृष्ठभागालाच धरून पळतात. त्यांची गणितं आधी कागदावर झाली, लॉर्ड रॅले यांनी 1885 मध्ये एकीचं मांडलं आणि ऑगस्टस लव्ह यांनी 1911 मध्ये दुसरीचं, म्हणून नावंच रॅले लहर आणि लव्ह लहर. लव्ह लहर जमीन आडवी नागमोडी हलवते, रॅले लहरीत कण उभ्या लंबगोलात फिरतात, त्यामुळे बोटीवर उभं असल्यासारखं डुलायला होतं, पोटात कालवतं. या सगळ्यात हळू, पण लांबवर सगळ्यात दांडग्या. कारण साधं आहे, पी आणि एस तिन्ही मितींमध्ये पसरतात, फुग्यासारख्या, त्यामुळे पटकन पातळ होतात, आणि या दोघी फक्त पृष्ठभागावर, तळ्यातल्या तरंगासारख्या, म्हणून अंतराबरोबर हळूहळू विरतात. 1 नोव्हेंबर 1755 ला लिस्बनला भूकंप झाला तर तिकडे स्कॉटलंडमधल्या लॉख लोमंडसारख्या सरोवरांचं पाणी वरखाली व्हायला लागलं, काठावरच्या लोकांना जमीन हलल्याचं कळलंही नाही. आणि सुमात्राच्या वेळी तर पृथ्वीच्या पाठीवरची प्रत्येक जागा किमान सेंटिमीटरभर हलली होती, तुम्ही-आम्ही बसलो होतो तीसुद्धा. कळलं नाही कारण ती हालचाल फार संथ होती, एकेक हेलकावा कितीतरी सेकंदांचा.

मग तो पहिला दणका खालूनच का लागतो, आणि नंतरचं हलणं आडवंच का? केंद्र तर बाजूला कुठेतरी शंभर किलोमीटरवर असतं, लहर बाजूने यायला हवी. तर लहरीचा रस्ता सरळ नसतो. वेग बदलला की लहर वळते, चष्म्याच्या काचेत उजेड वळतो तशी, आणि नेहमी कमी वेगाच्या थराकडे झुकते. वर येता येता थर सैल होत जातात, आधी कडक खडक, मग झिजलेला मुरूम, मग माती, प्रत्येक टप्प्यावर लहर आणखी उभी होत जाते आणि तुमच्यापर्यंत येते तेव्हा जवळपास सरळ खालून वर येत असते. पी आपल्या प्रवासाच्या दिशेनेच हलवते, म्हणजे वरखाली, झाला दणका. एस काटकोनात हलवते, म्हणजे आडवं, झालं गदागदा. इमारतींचा घात ही एस आणि तिच्या मागच्या पृष्ठभागी लहरीच करतात, कारण इमारत मुळात स्वतःचं वजन पेलायला बांधलेली असते, उभा भार ती रोजच घेते, त्यात थोडी भर पडली तरी निभावते. आडवा धक्का मात्र तिच्या रोजच्या सवयीचा नाही, त्यासाठी मुद्दाम डिझाइन करावं लागतं, आणि जिथे केलं नसेल तिथे खांब आणि तुळई जोडलेल्या सांध्यात आधी तडे जातात.

आता माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग. लहर शेकडो किलोमीटर कडक खडकातून येते, पण तुमचं काय होणार हे बऱ्याचदा शेवटचे काही दहा मीटर ठरवतात. मऊ मातीत शिरली की लहरीचा वेग झपकन कमी होतो, पण मागून येणारी ऊर्जा तर तेवढीच येतेय, ती जाणार कुठे, मग हेलकाव्याची उंची वाढते. त्सुनामी खोल समुद्रात कळतही नाही आणि किनाऱ्याजवळ वेग घटला की उंच होते, तोच प्रकार. शिवाय मऊ थराखाली कडक खडकाचं भांडं असेल तर लहर आत अडकते, वरून आपटून खाली, खालून आपटून वर, आणि हादरे लांबत जातात.

मेक्सिको सिटी, 19 सप्टेंबर 1985. भूकंप 8.0 तीव्रतेचा, पण झाला पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. एवढ्या अंतरावर फार काही व्हायला नको होतं, आणि शहराच्या ज्या भागाखाली खडक आहे तिथे फारसं झालंही नाही. पण शहराचा मधला भाग जुन्या सरोवराच्या तळावर आहे, अझ्टेकांची राजधानी तिथे बेटावर होती, पुढे सरोवर आटवलं आणि त्या पाणी धरलेल्या चिकणमातीवर शहर पसरलं. त्या मातीच्या थराची झुलायची स्वतःची लय होती, साधारण 2 सेकंदांत एक हेलकावा. लांबून येताना लहरींमधले बारीक थरथराट वाटेतच गळून गेले आणि संथ हेलकावे उरले, त्यात नेमके 2 सेकंदांच्या आसपासचेही होते, झालं, झोपाळ्याला बरोबर वेळेवर झोका देत राहावं तसं झालं. आता इमारतींचं बघा. ढोबळ हिशोब असा, की मजल्यामागे सेकंदाचा एक दशांश, म्हणजे 10 मजली इमारत एका सेकंदात एक हेलकावा घेते. मग तिला 2 सेकंदांच्या लयीने काय होणार? पण हादरे संपेचनात, सांध्यांना तडे गेले, तडे गेल्यावर इमारत ढिली झाली, ढिली झाल्यावर तिचा हेलकावा लांबला, सव्वा सेकंद, दीड सेकंद, असं करत ती स्वतःच चालत 2 सेकंदांच्या सापळ्यात गेली. सगळ्यात जास्त पडझड 6 ते 15 मजल्यांच्या इमारतींची झाली. बुटकी घरं बरीचशी राहिली, आणि 40 च्या वर मजले असलेला तोरे लातिनोअमेरिकाना हा टॉवरही उभा राहिला. हजारो माणसं गेली, तीही केंद्रापासून इतक्या लांब. म्हणून बातमीत येणारा तीव्रतेचा एक आकडा ऐकून आपल्याकडे काय होणार याचा अंदाज बांधता येत नाही, तो आकडा भेगेचा असतो, तुमच्या पायाखालच्या मातीचा नाही.

वाळू आणि पाणी असेल तर आणखी एक भानगड. हादऱ्यांनी वाळूचे कण घट्ट बसायला बघतात, मधलं पाणी निसटायला जागा नाही, दाब पाण्यावर येतो, कण एकमेकांपासून सुटतात आणि जमीन थोडा वेळ चिखलासारखी वागते. 1964 मध्ये जपानच्या निगाटामध्ये अख्ख्या अपार्टमेंटच्या इमारती यामुळे आडव्या कलल्या, त्यातली काही तर न मोडता तशीच्या तशी कलंडली.

लहरी वाटेत कशातून आल्या याची नोंद त्यांच्यातच असते, आणि पृथ्वीच्या पोटात काय आहे ते आपल्याला मुख्यतः यावरूनच कळलं, कारण ड्रिलने आपण जेमतेम 12 किलोमीटर खाली गेलोय आणि पृथ्वीचं केंद्र आहे 6,371 किलोमीटरवर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी 12 जून 1897 च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केला आणि दूरच्या यंत्रांवरच्या नोंदींत तीन वेगळ्या लहरी ओळखल्या. मग 1906 मध्ये त्यांनीच दाखवलं की पृथ्वीच्या पार पलीकडे पोचणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा येतात, म्हणजे मध्ये काहीतरी वेगळा गाभा आहे. पुढे एस लहरींचं वागणंही लक्षात आलं, भूकंपापासून पृथ्वीच्या गोलावर साधारण 104 अंशांच्या पलीकडे थेट एस येतच नाही, गायब. मघाचं वाक्य आठवा, एस द्रवातून जात नाही. म्हणजे साधारण 2,900 किलोमीटरखाली गाभा द्रवरूप आहे. तेवढ्यावर थांबलं नाही, डेन्मार्कच्या इंगे लेमान यांना 1929 च्या न्यूझीलंडच्या एका भूकंपाच्या नोंदींत, जिथे पी लहरी यायलाच नकोत अशा पट्ट्यात बारीकशा पी लहरी दिसल्या. यंत्राची चूक म्हणून सोडून देता आलं असतं. त्यांनी 1936 मध्ये मांडलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गोळा आहे, त्याच्यावरून वळून या लहरी तिथे येतात. तो आतला गोळा घन आहे हे नंतर पक्कं झालं.

पी आणि एस मधल्या फटीचा आता रोजच्या कामातही उपयोग होतो. केंद्राजवळच्या यंत्राला पी जाणवली की ते लगेच सिग्नल पाठवतं, सिग्नल जातो विजेच्या आणि रेडिओच्या वेगाने, लहर बिचारी साडेतीन किलोमीटरने येतेय, तेवढ्यात गाड्या थांबवा, लिफ्ट जवळच्या मजल्यावर लावा, गॅस बंद करा. जपानमध्ये 2007 पासून सगळ्या जनतेसाठी अशी सूचना दिली जाते. याला भूकंपाचं भाकीत समजू नका, भूकंप होऊन गेलेला असतो, फक्त त्याची बातमी त्याच्या लहरीच्या आधी पोचते. आणि याची अडचण पण त्याच हिशोबात आहे. यंत्राला ओळखायला आणि सूचना निघायला समजा 5 सेकंद लागले तर तेवढ्यात एस साडेसतरा किलोमीटर गेलेली असते, म्हणजे अगदी केंद्राजवळ, जिथे सगळ्यात जास्त गरज, तिथेच सूचना उशिरा पोचते. यावर अजून तरी उपाय नाही, यंत्रं दाट लावून हे वर्तुळ लहान करणं एवढंच हातात आहे.

लहरी शेवटी संपतात कुठे हेही खडकावरच. तापलेला, तुकड्या-तुकड्यांचा खडक त्यांना पटकन गिळतो, जुना, थंड, सलग खडक लांबवर नेतो. 2011 मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात व्हर्जिनियाला 5.8 चा भूकंप झाला, काही फार मोठा नाही, पण तिथला खडक असा जुना आणि थंड की शंभर किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या वॉशिंग्टन स्मारकाच्या दगडांना तडे गेले आणि हादरे कॅनडापर्यंत जाणवले. आणि खडकात पाणीच नसेल तर? नोव्हेंबर 1969 मध्ये अपोलो 12 च्या अंतराळवीरांनी काम झाल्यावर चंद्रावर उतरलेल्या आपल्या यानाचा रिकामा वरचा भाग मुद्दाम चंद्रावर आदळवला, मागे ठेवलेल्या भूकंपमापकाला काय दिसतं ते बघायला. पृथ्वीवर एवढ्याशा आदळण्याचे हादरे लगेच विरून गेले असते. तिथल्या कोरड्या ठणठणीत, उल्कांनी भेगाळलेल्या खडकात पाणी नसल्यामुळे लहरी गिळल्या गेल्या नाहीत, भेगांवरून नुसत्या इकडून तिकडे टोलवल्या जात राहिल्या आणि यंत्राची सुई जवळपास तासभर थरथरत होती.